परत आलेले चौदा कोयते

२०२३च्या दिवाळीआधी माझ्या मामांनी एका ऊसतोड टोळीसाठी ६० कोयते करून दिले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्यातले १४ परत आले. मामांचं लोहारकाम हुक्केरी तालुक्यात, संकेश्वरजवळ हमरस्त्यापासून थोडं आत. ४० वर्षं ते ऐरणीसमोर आहेत, आणि एका हंगामात इतकी पाती कधी परत आली नव्हती. मी बेळगावात उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम करतो. गिअर, शाफ्ट, हायड्रॉलिकचे सुटे भाग तापवायचे, तेलात-पाण्यात बुडवून विझवायचे, पुन्हा तापवायचे हेच माझं रोजचं. म्हणून मामींनी मला फोन केला. "दोन दिस झाले नीट जेवले न्हाईत बघ. तू एकदा येऊन जा."

टोळी बीडकडची. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, त्यामुळे कोयता तुटणं ही फक्त अवजाराची गोष्ट राहत नाही. मुकादम मामांना ओरडून काही बोलला नव्हता. पोत्यात बांधलेली पाती ओट्यावर ठेवून एवढंच म्हणाला होता, "मिस्तरी, पातं गेलं की जोडीचा दिवस जातोय." मामांना तेच जास्त लागलं होतं.

मी गेलो तेव्हा मामांचं मत ठरलेलं होतं. "पाटाच आता पयल्यासारखा येईना. समदी भेसळ." पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचं जुनं पातं, त्यातूनच कोयता घडतो. भेसळीचं हे वाक्य मी बेळगावातल्या कितीतरी वर्कशॉपमध्ये ऐकलं आहे. कधी ते खरंही असतं. पण परत आलेलं पातं बघण्याआधी ते मान्य करायचं नाही, एवढं माझ्या कामानं मला शिकवलं आहे.

तुटलेली तोंडं

सगळी पाती मामींच्या अंगणात पोत्यावर मांडली. आठांच्या धारेचे कपचे उडाले होते, चंद्रकोरीसारखे, नखाएवढे. चार पाती मुठीपासून दोन बोटांवर आडवी तुटली होती. उरलेल्या दोनांची धार वळली होती, बोट फिरवलं की एका बाजूला ओठ लागायचा.

एकाच भट्टीतून, एकाच हातातून निघालेल्या मालात तीन तऱ्हेची दुखणी. इथंच 'पाटा खराब' हे एकच उत्तर अपुरं पडतं. जरा जास्तच ठिसूळ झालेल्या पात्याचे कपचे उडतात; धार वळते ती मऊ राहिलेल्याची. दोन्ही एकाच कारणानं होणं अवघड.

तुटलेली तोंडं मी उन्हात धरून, भिंग लावून पाहिली. ज्याला पोलादाशी काम आहे त्यानं ही सवय लावून घ्यावी. त्याला मशिन लागत नाही. नीट पाणी बसलेल्या, म्हणजे नीट विझवून कडक केलेल्या पात्याचं तुटलेलं तोंड राखाडी मखमलीसारखं असतं, त्यात कण असा वेगळा दिसत नाही. मैद्याला जसा दाणा नसतो तसं. कपचे उडालेल्या आठांची तोंडं मात्र जाड रव्यासारखी होती, उन्हात लुकलुकत होती. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापलं की त्याच्या आतले कण एकमेकांना खाऊन मोठे होतात, आणि तडा मोठ्या कणांच्या कडेनं सहज पळतो. ते विझवल्यावर कडक होतं खरं, कानस घसरतेही, पण दगडावर आपटलं की फुटतं.

आडव्या तुटलेल्या चारांपैकी तिघांच्या तोंडावर एका कडेला काळा डाग होता, अंगठ्याच्या नखासारखा अर्धगोल. बाकीचा भाग ताजा, चकचकीत. काळं म्हणजे तिथं आधीच भेग होती आणि भट्टीत तिच्या आत खवला, म्हणजे जळक्या लोखंडाचा काळा थर, धरला. म्हणजे पाती घडायच्या आधीपासून ती भेग पाट्यात होती. चौथ्याच्या तोंडावर काळं नव्हतं. तिथं पिवळसर-जांभळी झाक होती. ती भेग पाण्यात विझवताना पडली आणि नंतर रंग उतरवताना, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पातं पुन्हा हलकं तापू देताना, आतून रंगली. चारही पाती एकाच जागी तुटलेली दिसत होती, पण तिघांची भेग ट्रकखाली जन्मली होती आणि एकाची मामांच्या पाण्याच्या टाकीत.

हे मी मामांना दाखवलं तेव्हा त्यांनी तो काळा डाग नखानं खरवडून बघितला. निघेना. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

शेडचा उजेड

पुणे-बंगळूर हमरस्त्यावर निपाणीपासून बेळगावपर्यंत गॅरेजांची रांग आहे आणि मोडकी कमानपाती तिथूनच लोहारांकडे येतात. मामा वर्षानुवर्षं तीच आणतात. मग जाड रवा यंदाच का दिसावा? माझं मन तिथं अडकलं होतं.

उत्तर डोक्यावर होतं. मामांचा जुना कारखाना कौलारू, एक खिडकी, भिंती धुरानं काळ्याकुट्ट. २०२३च्या उन्हाळ्यात तो पाडून त्यांनी पत्र्याची शेड बांधली. मध्ये मध्ये पांढरे प्लास्टिकचे पत्रे घातले, उजेड यावा म्हणून. बाजू उघड्या ठेवल्या. हाताचा भाता गेला आणि विजेचा पंखा आला. सगळं चांगल्यासाठीच केलेलं. मामींचा खोकला कमी झाला, हेही मी लिहून ठेवतो.

पण लोहार तापमान रंगावर ओळखतो, आणि रंग उजेडावर अवलंबून. अंधारात जो लाल चेरीसारखा दिसतो तोच उन्हात विझल्यासारखा वाटतो. ४० वर्षं काळ्या खोलीत तयार झालेला डोळा एकदम लख्ख शेडमध्ये आला. हात 'अजून थोडं' म्हणून वाट बघणार, आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्या 'थोड्या' वेळात पातं फार पुढं निघून जाणार.

मोजल्याशिवाय हे बोलणं बरोबर नव्हतं. पुढच्या रविवारी मी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, आणि मीटर घेऊन गेलो. पाट्याच्या एका तुकड्याला भोक पाडून तार आत बसवली, मीटर माझ्याकडं वळवून ठेवला आणि मामांना म्हटलं, "तुम्ही नेहमीसारखं तापवा. विझवायची वेळ झाली की 'आता' म्हणा." भर दुपारी ते "आता" म्हणाले तेव्हा मीटरवर ९७० अंश होते. तोच तुकडा, तीच भट्टी, संध्याकाळी बल्ब बंद करून, तेव्हा ८६०. आणि हा आकडा जाड भागाचा. धारेकडची पातळ कड याच्याही पुढं गेलेली असते.

मी दोन्ही आकडे खडूनं पत्र्यावर लिहिले. मामा बघत राहिले, मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे माझा डोळा गेला म्हणायचा का?" मी म्हटलं, "डोळा गेला असता तर संध्याकाळीही चुकला असता. संध्याकाळी तुम्ही बरोबर होता." त्यांना धीर द्यावा म्हणून मी असं म्हटलं नव्हतं. आमच्या भट्टीवर काचेतून रंग बघून इतकं जवळ सांगणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

पाटा कोणता

तरी पाट्याचा प्रश्न उरतोच, आणि मामांच्या म्हणण्यात अर्धं खरं निघालं. मी सहा वेगवेगळ्या पाट्यांचे तुकडे कापून उद्यमबागेत आणले. बेळगावला फाउंड्री आहेत, फाउंड्रीत स्पेक्ट्रोमीटर असतो, धातूत काय किती आहे ते सांगणारं मशिन. एका ओळखीच्या माणसानं जेवणाच्या सुट्टीत तुकडे तपासून दिले. चार तुकडे ईएन ४५ जातीचे, म्हणजे कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर आणि सिलिकॉन दीड टक्क्याच्या पुढं. दोन तुकड्यांत सिलिकॉन नावाला आणि क्रोमियम पाऊण टक्क्याच्या आसपास. ही एसयूपी ९ किंवा ५१६० म्हणतात ती जात. दोन्ही कमानीचीच पोलादं, दोन्ही चांगली. भेसळ कुठंच नव्हती. पण दोघांचा स्वभाव वेगळा, आणि मामांच्या ढिगात ती एकत्र पडलेली.

सिलिकॉनचा पाटा विझवायला जास्त तापवावा लागतो, साधारण ८७० ते ९०० अंश. क्रोमियमच्या पाट्याला ८३०-८४० पुरे. सिलिकॉनच्या पाट्याची आणखी एक खोड म्हणजे तो भट्टीत जास्त वेळ राहिला की वरच्या कातडीतला कार्बन जळून जातो. धार वळलेल्या दोन पात्यांचं दुखणं तेच. घाईत शेवटची घासाई कमी झाली, मऊ कातडीच धारेत राहिली.

दगडावर घासून ठिणगी बघायची पद्धत मामांना चांगली येते. कार्बन जास्त की कमी एवढं तिच्यावरून कळतं. पण पाऊण टक्का क्रोमियम आहे की नाही याचा भरवसा ठिणगीवर ठेवता येत नाही. म्हणून ठरलं असं की एका गाडीचा पूर्ण संच आला की त्यातल्या एका पाट्याचा तुकडा तपासायचा आणि सगळ्या संचाला रंगाचा पट्टा ओढायचा. सिलिकॉनला पांढरा, क्रोमियमला लाल. ज्याचा तपास नाही तो पाटा वेगळा ठेवायचा, त्याचा कोयता करायचा नाही.

गावातल्या एकानं सुचवलं की बेअरिंगच्या कड्यांचे कोयते करा, ते पोलाद सगळ्यात भारी. ईएन ३१ भारी आहेच. एक टक्का कार्बन आणि वर क्रोमियम. माझ्या घरातली भाजीची सुरी मामांनी त्याचीच करून दिली आहे आणि तिची धार महिनोन्‌महिने टिकते. पण ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. बुडख्यात साखर जास्त, शिवाय खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातून येणारं पुढचं पीक, नीट फुटतो. म्हणजे पातं दिवसभर मातीत आणि खड्यांवर आदळणार. इतक्या कार्बनची धार तिथं कपच्या टाकते. कडकपणा आणि चिवटपणा एकमेकांच्या वाट्याचं खातात, आणि कोयत्याला चिवटपणाचा घास मोठा लागतो. पोलादाला कन्नडमध्ये उक्कू म्हणतात आणि जुन्या 'वूट्झ' पोलादाचं नाव याच शब्दावरून आलं असं मानतात. त्या पोलादाच्या तलवारींची कीर्ती खूप. उसाच्या फडात मात्र मला अर्धा टक्का कार्बनवालं साधं कमानपातंच हवं.

पाणी, तेल आणि निळा रंग

आमच्याकडं पातं कडक करण्याला 'पाणी देणं' म्हणतात. शब्दातच पाणी आहे, त्यामुळे तेलाचा विषय काढताना मी जपून बोललो. मामांचे वडील ज्या पोलादावर काम करायचे ते बहुतेक साधं कार्बनचं. त्याला पाण्यानंच नीट कडकपणा यायचा, तेलात ते अर्धवट राहिलं असतं. त्या पोलादासाठी ती रीत बरोबरच होती. पण कमानीची ही दोन्ही पोलादं तेलात विझायलाच बनवलेली. पाच-सहा मिलिमीटर जाडीला तेल पुरतं. पाण्यात ती फार झपाट्यानं आकसतात आणि तडकतात. जांभळ्या झाकेच्या चौथ्या पात्यानं तेच दाखवलं होतं.

मामा वापरलेलं इंजिन ऑइल आणणार होते, फुकट मिळतं म्हणून. मी नको म्हटलं आणि हट्टानं नको म्हटलं. त्याचा धूर छातीत जातो आणि त्यात काय काय विरघळलेलं असतं ते सांगता येत नाही. शेंगतेल घेतलं, ६० अंशांपर्यंत कोमट करून. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याभोवती सारखं फिरतं. टाकीला घट्ट झाकण, शेजारी कोरड्या वाळूची बादली, आणि पाण्याचं भांडं दहा पावलांवर. तेलानं पेट घेतला तर पाणी मारायचं नाही, हे मामींनाही सांगून ठेवलं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो रंगावर. मामांची रीत अशी: फक्त धार विझवायची, बाहेर काढायची, विटेनं घासून पांढरी करायची आणि पाठीतली उरलेली ऊब धारेकडं येते तसे रंग उतरताना बघायचे. आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. निळा आला की थंड करायचं. बघायला फार सुंदर. मी लहानपणी त्यासाठीच तिथं तासन्‌तास बसायचो. पण रंग असा धावत येतो तेव्हा धार त्या तापमानाला काही सेकंदच असते, आणि पोलादाला आतून सैल व्हायला वेळ लागतो. आम्ही कारखान्यात निदान तासभर ठेवतो, आणि दोनदा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. 'निळा म्हणजे कमानीसारखा चिवट' असं सगळीकडं मानतात. निळा रंग साधारण ३०० अंशांचा. क्रोमियमच्या पाट्यासाठी साधारण २५० ते ३७० हा नेमका वाईट पट्टा. त्यात ठेवलेलं पातं मऊ तर होतं, पण चिवटपणा वाढायच्या ऐवजी घटतो. सिलिकॉन असला की हा वाईट पट्टा वर सरकतो, आणि मग ३०० ला ठेवलेलं पातं खरोखर चिवट निघतं. म्हणजे मामांचा निळा रंग त्यांच्या ढिगातल्या सिलिकॉनच्या मालाला अगदी बरोबर होता आणि उरलेल्या मालाला चुकीचा. पाटा ओळखल्याशिवाय रंगावर जायचं नाही, असं मी म्हणतो ते यामुळे.

म्हणून वाटणी केली. पांढऱ्या पट्ट्याचा सिलिकॉन पाटा कोयत्याला. तो ३०० ते ३१५ अंशांवर दोन वेळा तासतासभर ठेवला की रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ५५च्या आसपास येतो. आमच्याकडच्या मशिनवर मी तीन पाती तपासली, ५४ ते ५५ आली. फडात टोळीवाले कानशीनंच धार लावतात आणि इतक्या कडकपणाला कानस जोर लावून का होईना धरते. लाल पट्ट्याचा क्रोमियम पाटा सुऱ्यांना, खाटकांच्या सत्तुरांना. तो २०० ते २१० अंशांवर ठेवायचा, त्याला धार दगडावर लावायची.

तापमान धरायला मामांकडं विजेचा ओव्हन नाही आणि तिथं वीजही दिवसभर नसते. जुन्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात कोरडी बारीक वाळू भरली, मध्ये थर्मोकपल खोचलं, खाली चुलीतले निखारे. वाळू हळू तापते आणि हळू निवते. कडेला आणि मध्यात २० अंशांचा फरक पडतो, म्हणून पाती मध्येच उभी खोचायची आणि अर्ध्या तासानं फिरवायची. एकदा मीटर घरी राहिला म्हणून मामांनी अंदाजानं एक घाणा काढला आणि तो पूर्ण पुन्हा तापवावा लागला. ते त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं.

विझवायच्या आधीची एक पायरीही वाढली. घडाईत पातं कितीही जपलं तरी कुठंतरी जास्त तापतंच. म्हणून घडाई झाली की पातं तीनदा तापवायचं, दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी, आणि वाऱ्यापासून लांब टांगून निवू द्यायचं. त्यानं मोठे झालेले कण मोडून पुन्हा बारीक होतात. मामांचा यावर विश्वास नव्हता. मग एकाच पाट्याच्या तीन पट्ट्या केल्या: एक दुपारच्या उजेडात तापवून विझवलेली, एक संध्याकाळी, एक तीनदा निववून मग संध्याकाळी. तिन्ही सारख्याच वाळूत ठेवल्या आणि व्हाइसमध्ये धरून हातोडा मारला. पहिली पहिल्याच ठोक्याला टचकन गेली. दुसरी तीन ठोके टिकली. तिसरी वाकत गेली, वाकत गेली, आणि बऱ्याच ठोक्यांनी फाटल्यासारखी तुटली. मामांनी तिन्ही तोंडं शेजारी शेजारी धरून बघितली आणि तिसरा तुकडा खिशात घातला. तो अजून त्यांच्या देवळीत आहे.

भेगा शोधणं

जुन्या कमानीची पाती वर्षानुवर्षं वाकून दमलेली असतात. बोल्टच्या भोकाजवळ आणि ताण पडणाऱ्या बाजूवर केसाएवढ्या भेगा पडतात. आता पाटा घासून स्वच्छ करायचा, रॉकेल किंवा डिझेल लावून वीस मिनिटं ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची भुकटी चोपडायची. भेग असेल तर आत मुरलेलं तेल वर येतं आणि खडूवर काळी रेघ उमटते. भोकाच्या दोन्ही बाजूंची चार-चार बोटं तर न बघताच कापून टाकायची. माल थोडा वाया जातो. मामींना ते आवडत नाही.

२०२४चा हंगाम

शेडच्या पांढऱ्या पत्र्यांखाली मामांनी पोत्यांचे पडदे शिवून घेतले. विझवायच्या वेळी ओढायचे, एरवी उघडे. भट्टीच्या डोक्यावर साखळीला लोहचुंबक टांगला. ७७० अंशांच्या पुढं पोलाद चुंबकाला चिकटत नाही, तिथून रंग मोजायचा: लाल पट्ट्याला एक छटा वर, पांढऱ्याला दोन. 'छटा' म्हणजे किती, हे त्यांच्या डोळ्याला मीटरशेजारी चार रविवार बसून पाठ झालं.

त्याच मुकादमानं या वेळी ४० कोयते घेतले. तीन परत आले. दोनांची मूठ ढिली झाली होती. तिसरा आडवा तुटला होता आणि तोंडावर तोच काळा अर्धगोल, यंदा आतल्या बाजूला, जिथं आमची खडूची रेघ पोचलीच नव्हती. धारेचा कपचा उडालेला एकही नव्हता.

आता मामांकडं लाल पट्ट्याचा ढीग वाढत चालला आहे. गॅरेजमधून तोच जास्त येतो. म्हणून आम्ही त्याचे पाच कोयते २२० अंशांवर करून पाहिले. कानस त्यांच्यावर नीट धरत नाही, म्हणून प्रत्येकाबरोबर एक हातदगड दिला. टोळीतल्या दोन जोड्या दगड लावायला तयार झाल्या, बाकीच्यांनी पाती परत ठेवली. त्या जोड्यांतल्या एका बाईनं मुकादमाकडून निरोप पाठवला आहे: धार जास्त दिवस राहते, पण दगडाला वेळ लागतो, अजून थोडं मऊ होईल का. २२० च्या वर सरकलं की तो वाईट पट्टा जवळ येतो. या रविवारी २३५ चा एक घाणा काढणार आहोत, आणि त्यातली दोन पाती तोडून बघितल्याशिवाय बाकीची फडात जाणार नाहीत.